साडेचार तासांचं लंडन

कुणी दूरच्या गावाचं नाव काढलं की आमचे शेजारी मोघे हातातला चहा खाली ठेवून अंतर सांगत. गुवाहाटी, कोची, दुबई, काहीही. स्वतः इंदूरच्या विमानतळावर ते फक्त माणसं सोडायला गेलेले. पण सांगत अशा थाटात, की रस्ता जणू यांनीच आखला. वर, "इत्ता-सा तो है, भिया!"

मला आकड्यांची चाड आहे. चुकीचा आकडा ठासून सांगणारा माणूस मला खोटारड्यापेक्षा वाईट वाटतो. खोटारड्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

त्यांची मेघना लंडनला असते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं. "आई, तू उशाशी हवीस," एवढंच तिचं मागणं होतं. सुमनवहिनी एकट्या निघाल्या. तिकिटावर दिल्लीहून दुपारी दोनला उड्डाण आणि लंडनला संध्याकाळी साडेसहाला आगमन. मोघ्यांनी वजाबाकी केली आणि माधव नगरभर सांगत सुटले, "साडेचार तास! नागपूरला जायला याहून जास्त लागतात."

मी म्हटलं, "मोघेसाहेब, तिथलं घड्याळ आपल्या मागे आहे. विमानात नऊ तास बसावं लागेल."

"आपल्या मागे? अहो, पृथ्वीची मध्यरेषा आपल्या उज्जैनवरून मोजत होते. सगळ्या दुनियेचं घड्याळ महाकाल के हिसाब से चलता है. तुम्ही फ्रीगंज बाजारातलं किराणा-बिल तपासा."

ऐकणारे हसले. मोघे तर स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत जास्त हसले.

वहिनींना मधुमेह. इन्सुलिनची सुई घेतल्यावर वेळेवर खावंच लागे, आणि बाहेरचं त्या खात नसत. माझ्या बायकोने दशम्या करून डबा दिला होता. निघताना मोघ्यांनी तो पिशवीतून काढून ठेवला. "साडेचार तासांसाठी दशम्या? तिकडचे लोक हसतील. लेकीकडे गरम जेव."

"असू दे ना हो," वहिनी म्हणाल्या.

"उगाच ओझं!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा नऊ तास म्हणालो. त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या, भाऊजी. निघताना वाद नको."

दिल्लीत त्यांनी सुई घेतली, घरून नेलेला थोडा दहीभात खाल्ला. विमानात आलेलं ताट तसंच परत केलं. लंडनला उतरून रांगेत उभ्या असताना साखर उतरली आणि त्या कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. मेघनाचा फोन आला तेव्हा मी मोघ्यांकडेच होतो. ते त्याच डब्यातल्या दशम्या खात होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वैमानिकाने विमान लांबून नेलं असणार."

बायको परदेशात एकटी पडली आहे, आणि हा माणूस वैमानिकाची चूक काढत होता. त्या दिवसापर्यंत मी त्यांना मूर्ख समजत होतो. मूर्ख म्हणणं ही सवलत होती.

मुलगी झाली तेव्हा मेघनाच्या उशाशी एक अनोळखी परिचारिका होती. वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात, पाय वजनाला बांधलेला. नातीचं रडणं त्यांनी फोनवर ऐकलं.

मोघे पेढे घेऊन आले. "आजोबा झालो, भिया!"

पेढा मुलीच्या नावाचा होता, म्हणून घेतला. आत या म्हटलं नाही. दाराची कडी त्यांना ऐकू जाईल अशी लावली.