देवीच्या गाभाऱ्यात दीड टन गारवा

एका देवीला गार करायला काय खर्च येतो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुमचं लक्ष तिकडे जाणार नाही. दीड टनाचा एसी, खरेदी भावाने. स्टॅबिलायझर. तांब्याची नळी. डोंबिवली ते राजापूर जाऊन-येऊन डिझेल, साधारण सात हजार. बांबू फुकट, कारण मंडपवाला देवीचा मानकरी. आणि वरच्या वाडीचा नळ दोन दिवस बंद. ही शेवटची रक्कम निघताना मी धरली नव्हती. बाकी सगळ्यांची बेरीज तिच्या पासंगालाही पुरत नाही.

मी एसी विकतो आणि बसवतो. फुटपाथवर दुसऱ्याचे फ्रिज उघडून बसायचो, तिथून तीन गाड्या आणि अकरा माणसांपर्यंत आलोय. इतर दुकानांत पाटी असते, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आमच्याकडे पाटी आहे, ‘इथून गेलेला माल परत येत नाही’. गिऱ्हाईक दोनदा वाचतं आणि मग पैसे काढतं.

तर माघ संपत आला असताना सुरेशचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

“भावोजी, एक एसी हवा होता.”

“हॉलला की बेडरूमला?”

“देवीला.”

मी साताऱ्याकडचा. कोकणातल्या सासुरवाडीचे फोन दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय मला कळत नाहीत, म्हणून म्हटलं सविस्तर सांग. ते असं.

त्यांचं गाव राजापूरच्या पुढे खाडीकाठी आहे. नाव देत नाही, कारण छापू नये असं गावाने बैठकीत ठरवलंय. दोन वाड्या आहेत. वरची सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळावर, आणि खालची खाडीला लागून. सुरेश खालच्या वाडीचा. गेली काही वर्षं उधाणाचं पाणी बांध ओलांडून आत येतंय. भातशेती खारी झाली, दोन वर्षांपूर्वी विहीरही खारी झाली. सुरेशची बायको सुलभा, आमच्या सुलूवहिनी, पिण्याचं पाणी विकत घेतात. एक संस्था खालच्या वाडीला सड्यावर घरं बांधून द्यायला तयार आहे, पण सडा वरच्या वाडीच्या सामाईक मालकीचा. त्यांच्या सह्या महिनाअखेरपर्यंत हव्यात, नाहीतर निधी दुसऱ्या गावाला जाणार. आणि वरची वाडी म्हणते, देवीचा कौल मिळाल्याशिवाय सही नाही.

कौल म्हणजे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय. पण पाच वर्षांपूर्वी मुंबईच्या मंडळाने जीर्णोद्धार केला. छपराची कौलं आणि जांभ्याच्या भिंती गेल्या, स्लॅब आणि चकचकीत टाइल्स आल्या. त्यात उन्हाळा आता माघातच सुरू होतो. गाभारा असा तापतो की पाकळ्या बघता बघता सुकतात आणि दोन्ही एकदम पडतात. पावसाळ्यात हवा इतकी दमट की दोन्ही पडतच नाहीत.

“म्हणजे देवी उन्हाळ्यात हो आणि नाही दोन्ही म्हणते, आणि पावसाळ्यात काहीच म्हणत नाही,” मी म्हटलं.

“म्हणूनच एसी.”

आमच्या मंडळींनी, म्हणजे मंदाने, फोन हातातून घेऊन “आणतो” असं सांगून टाकलं.

पहाटे निघालो. तुम्ही जाणार असाल तर पेणच्या पुढे उजाडेल अशा बेताने निघा. महामार्ग बराचसा झालाय, पण जिथे झाला नाही तिथे अंधारात जाऊ नका. कशेडीच्या बोगद्यामुळे घाट वाचतो. एसीची दोन्ही खोकी ताडपत्रीत गुंडाळून टपावर बांधली होती. नाश्त्याला सावर्ड्यात थांबलो. वडा-उसळ आणि चहा, दोघांचे दीडशेच्या आत. हॉटेलबाहेर दोघे गृहस्थ आंब्याचं बोलत होते.

“मोहोर दोनदा आला औंदा.”

“झाडाचं पण काय चुकतंय? त्याला तरी कोण सांगतोय कुठला महिना हाय.”

मग एकाने टपाकडे बघितलं. “काय नेताव?”

“एसी.”

“खंय?”

“राजापूरला. देवीला लागतोय.”

तो जराही चकित झाला नाही. चहा संपवून म्हणाला, “आमच्या देवाला पंखा दिलान मंडळाने. पण रेग्युलेटर नाय.”

हातखंब्यानंतर ऊन चढलं. राजापूरच्या बाजारात काजूगर घ्या, ओले, मार्चच्या तोंडावर मिळतात, पण भाव विचारताना मुंबईचा चेहरा करू नका. तिथून गावापर्यंत एसटीच्या दिवसाला दोन फेऱ्या. रस्ता सड्यावरून जातो. दोन्हीकडे काळा कातळ आणि पिवळं गवत, आणि अचानक खाली खाडी दिसते. सुंदर आहे. त्या सुंदर पाण्यातून कुंपणाचे खांब वर आलेले दिसतात, हे नंतर लक्षात येतं.

दुपारी कुळथाची पिठी, भात आणि सुकटाची चटणी. वहिनी वाढताना म्हणाल्या, “पाणी जपून प्या हां भावोजी, बाटलीचं हाय. हात धुवायला खारं घ्या.” टीव्हीवर परदेशातली परिषद चालली होती. जग तापलंय यावर बोलायला दोनशे देशांची माणसं कोट घालून बसली होती. मी धंद्याच्या नजरेने बघितलं. छतात लपवलेली डक्टेड यंत्रणा, उत्तम काम, आवाज अजिबात नाही. एका वाक्यावर त्यांचं अडलं होतं. एसी बघायला उतरून आलेले वरच्या वाडीचे तात्या शेजारी बसले होते. सड्याच्या सामाईक सातबाऱ्यावर पहिलं नाव त्यांचं. ते टीव्हीकडे बघून म्हणाले, “त्यांचा पण कौल अडाकलाय.”

मी तात्यांना विचारलं, “तुमचं स्वतःचं मत काय?”

“माझा काय. देवी सांगेल ता.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आमची बोअर एकच. खालची सगळी वर आली तर प्यायचा काय?” हेच खरं मत होतं.

संध्याकाळी कामाला लागलो. पहिली अडचण अशी की गाभाऱ्याच्या भिंतीला भोक पाडायला देवीची परवानगी लागते. म्हणजे भोकाला कौल हवा, कौलाला एसी हवा आणि एसीला भोक हवं. गावाने यावर तासभर चर्चा केली. मी झरोक्यातून नळी काढली आणि आतलं यंत्र बांबूंच्या माचीवर ठेवलं.

खरी पंचाईत बाहेरच्या यंत्राची. एसी काही जादू करत नाही. आतली गरमी उचलतो आणि बाहेर फेकतो. ती कुठे फेकायची?

उत्तरेला ठेवलं तर पार. “आमी बसतो तिथे,” वरची वाडी म्हणाली. “गारवा सगळ्या गावाचा आणि गरम हवा आमच्या तोंडावर?” दक्षिणेला वळवलं तर खालच्या वाडीची पायवाट. सुरेश म्हणाला, “आधीच आमच्या वाटेला काय कमी आलंय?” पूर्वेला काशीनाथ गुरवांचं घर. ते येऊन यंत्रासमोरच उभे राहिले. शेवटी खाडीकडे तोंड केलं.

“समुद्राला गरम हवा?” मागून कुणीतरी म्हणालं. “तिथूनच तर भानगड हाय सगळी.”

पण समुद्र बैठकीला हजर नव्हता, त्यामुळे ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाभारा अठरा अंशांवर आणला. झोत छताकडे, झुलती पाती बंद, दाराला प्लॅस्टिकचा पडदा. मी सुरेशला म्हटलं, आता बघ, असा गार झालाय की देवीला बोलायला हुरूप येईल. काशीनाथ गुरव अंगावर शाल घेऊन आत गेले. पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“हे आई, तुझी लेकरा आज जमा झालीत म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं. देवी असली तरी उत्तर हेच.

“खालच्या वाडीत खारा पानी शिरला म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“संस्थेचा निधी महिनाअखेर परत जातोय म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“भावोजींनी एसी दिलानी, स्टॅबिलायझर दिलानी, त्याची राखण कर म्हाराजा…”

इथे “व्हय म्हाराजा” जरा मोठ्याने आलं. मंदाने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडून उभा होतो.

आणि पाकळ्या पडल्या नाहीत.

तासभर नाही, दुपारपर्यंत नाही. पूजेसाठी पडदा उघडला की बाहेरची खाडीची दमट हवा आत जायची आणि गार दगडाला दरदरून घाम फुटायचा. हे माझ्या धंद्यातलं पहिल्या दिवसाचं शिक्षण. पाकळ्या सुकणार कशा, त्यांना दर दोन तासांनी नवं पाणी मिळत होतं. मी म्हटलं, बंद करू या. गुरव म्हणाले, “कौल लागलेला हाय. आता मोडता येत नाय. जशी लावली तशीच ऱ्हायला हवी, पडेपर्यंत.”

“एसीसकट?”

“लावताना चालू होता ना.”

गावाची वीज मुळात ओढग्रस्तीची. एसी चालू असला की वरच्या वाडीच्या बोअरचा पंप नुसता हुंकार देतो, पाणी चढवत नाही. पहिल्या दिवशी वरच्या वाडीने टाकी पुरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी संपली. टँकर राजापूरहून दुपारनंतर येतो म्हणाला आणि आला नाही. तेव्हा वरच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन खालच्या वाडीत उतरल्या, सुलूवहिनींच्या विहिरीवर. बऱ्याच वर्षांनी उतरल्या असाव्यात, कारण पायवाट त्यांना विचारावी लागली.

पुढचं मंदाने सांगितलं: वहिनी पडवीत सुपारी कातरत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, “भरून घेताव? घ्या.”

मी आणि सुरेश तेव्हा तात्यांच्या ओट्यावर, पंपाचं काही होतंय का बघत होतो. थोड्या वेळाने त्यांच्या मिसेसनी चहा आणला. तात्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. परत उचलला, परत घेतला.

“साखरेच्या जागी काय घातलंस?”

“साखरच हाय. पानी सुलूच्या विहिरीचा.”

“असला पितात?”

“पीत नाय. विकतचा घेतात. दोन वर्सां झाली. तुमका सांगितला व्हता.”

तात्यांनी तो कप संपवला, हे मला सांगायलाच हवं. तोंड वाकडं न करता, शेवटपर्यंत. मग पायात चपला घातल्या आणि देवळाकडे निघाले. आम्ही मागोमाग. बायकांबरोबर वहिनीही खालून वर आल्या होत्या. हातातले हंडे कुणी खाली ठेवले नाहीत.

देवळात गुरव शाल पांघरून बसलेले. पाकळ्या जागच्या जागी, टवटवीत.

“काशीनाथ, बंद कर ह्या,” तात्या म्हणाले.

“कौल लागलाय तात्या.”

“काय बोलतेय ती?”

“अजून काय नाय.”

वहिनी पुढे आल्या. बैठकीत त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “तात्यांनू, एक विचारते. देवीचा देऊळ वर हाय का खाली?”

“वर.”

“आमी खाली ऱ्हातो, आणि तिला विचारायला रोज चढून वर येतो. तिने स्वतः जागा बघून घेतलीन तेव्हाच काय ता सांगितलान. आता पाकळीने अजून किती सांगायचा?” मग म्हणाल्या, “पान्याचा मला पन कळतंय. पाळी लावू. सकाळी तुमचा, दुपारी आमचा. आमी उरल्यातला पिऊ, पन गोडा पिऊ.”

तात्या देवीकडे तोंड करून उभे राहिले. “आये, जागा देतो,” ते म्हणाले. “आता सोड.”

आणि स्वतःच्या हाताने त्यांनी स्टॅबिलायझरचं बटण बंद केलं. गुरव पाकळ्यांवर नजर ठेवून बसून राहिले. सड्यावरून पंपाचा आवाज आला. माझे कान कंप्रेसरवर तयार झालेत, पण इतका स्वच्छ आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. स्लॅब तापायला अर्धा तास लागला. मग दोन्ही पाकळ्या, नेहमीसारख्याच, एकदम पडल्या.

सगळे गुरवांकडे बघायला लागले. गुरवांनी शाल काढून घडी घातली.

“दोन खांद्यांनी होय म्हणाली,” ते म्हणाले. “एकदा खालच्या वाडीला, एकदा वरच्या.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं.

सह्या त्याच संध्याकाळी पारावर झाल्या. एकच वाद उरला, शिमग्याचा. वाडी वर आल्यावर देवीची पालखी खालच्या रिकाम्या घरांपाशी न्यायची का? तो मात्र कौलाशिवाय सुटला. न्यायची, पण भरती बघून.

परतताना वहिनींनी आठळ्या आणि ओले काजूगर बांधून दिले. परशुराम घाटात मंदा म्हणाली, “तुम्ही एवढे खूश का? सह्या काही तुमच्यामुळे झाल्या नाहीत.” मी म्हटलं, एसीमुळे झाल्या. ती म्हणाली, “एसीच्या त्रासामुळे झाल्या.”

घरी आलो तेव्हा दुकानात तीन फोन येऊन गेले होते, सगळे एसीचे. एरवी एप्रिलात येतात. जग तापलं की माझी दिवाळी, हे मी कधी लपवलेलं नाही. पण आता बाहेरचं यंत्र बसवायला गेलो की माझी माणसं चिडतात, कारण मी आधी खाली वाकून बघतो की गरम हवा कुणाच्या खिडकीत जाणार. बहुतेक वेळा कुणाच्या तरी जातेच. बसवतो. पण बघतो.

तुम्हाला जायचं असेल तर शिमग्याला जा. त्या दिवसांत मुंबईकर गावात असतात, राहायची सोय कुणाच्याही घरी होते. चहा खालच्या वाडीत मागू नका.

देवीचा एसी माझ्या गोडाऊनमध्ये आहे. तात्यांनी स्वतः टपावर बांधून दिला.