डिस्कचा तिसरा भाग
घरातल्याच भरतकामाच्या कारखान्यात थोरल्या जाऊबाईंचा शब्द शेवटचा. कापडावर उमटणारं प्रत्येक फूल आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर तयार व्हायचं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. धाकट्या जावेकडे मागच्या बाजूचं काम. मशीन एका फुलावरून दुसऱ्यावर उडी मारतं, उलट्या बाजूला दोरा लोंबत ठेवतं. तो तिनं कापायचा.

कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला म्हणून नवी हार्ड डिस्क आणली. कॉम्प्युटरवाल्यानं आधीच बजावलं, डिस्कचे भाग किती आणि केवढे करायचे ते आत्ताच सांगा, डिझाइनं भरल्यावर बदलणं जिकिरीचं होईल. थोरल्यांच्या यजमानांनी परस्पर सांगूनही टाकलं: थोडी जागा कॉम्प्युटरच्या कारभाराला, बाकी सगळी हिची. दाराशी उभ्या धाकटीचा चेहरा उतरला. आज जागा मिळाली नाही तर पुढे कोण देणार?

थोरल्यांच्या हातात भरतकामाचं एक कापड होतं. सकाळी जुन्या फायली चाळताना त्यांना एक वेल सापडली होती, आणि ती त्यांची नव्हती. आपल्या माघारी कुणीतरी कॉम्प्युटरला हात लावला, या विचारानं त्यांचं डोकं सणकलं. तरी त्यांनी ती मशीनवर चालवून पाहिली. देठ, पानं, कळ्या. मशीननं टोकापर्यंत एकदाही उडी मारली नाही. कापड उलटं केलं तर लोंबता दोरा औषधालाही नाही. ज्या बाईनं जन्मभर दोरे कापले तिलाच हे सुचणार, हे त्यांनी ओळखलं आणि त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला.

"तीन भाग करा," त्या धाकटीकडे पाहत म्हणाल्या. "एक कॉम्प्युटरचा, एक माझा. सगळ्यात मोठा हिचा."

यजमान उडालेच. हिच्याकडे आहे काय त्यात ठेवायला, असं त्यांनी विचारलं. थोरल्यांनी वेलीचं कापड उलट्या बाजूनं त्यांच्यापुढे टाकलं. ते बोटं फिरवून लोंबता दोरा शोधू लागले, एकही सापडेना.

"मला हे अजून जमलेलं नाही," थोरल्यांनी ऐटीत सांगितलं, जणू बक्षीस त्यांनाच मिळालं होतं.

"ताई, मी आधी विचारायला हवं होतं," धाकटी पुटपुटली.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते. बरं केलंस."

कॉम्प्युटरवाल्यानं भागांना नावं द्यायला घेतली. तिसऱ्याला 'धाकट्या वहिनी' टाकू का, असं त्यानं विचारलं.

"तिचं नाव टाका," थोरल्या म्हणाल्या. "धाकटी ती घरात. कामात नाही."