ओली दोरी

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तो दुकानातच. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बोलता बोलता जीभ अडखळली, आणि ते मुद्दामच उत्तर देत नाहीत असं समजून समोरचं गिऱ्हाईक आधी चिडलं. त्यात त्या गिऱ्हाइकाचाही दोष नव्हता. "हा पार्ट चालेल ना?" असं कुणी विचारलं, तर वडील म्हणायचे, "चालणार नाही, त्याला पाय नसतात. बसवलात तर वाजेल."

हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा पाय बरा होता, उजवा हात थोडा हलत होता, पण बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं. शब्द तेवढे ओठांवर येत नव्हते. कुणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

कोथरूडच्या एका सोसायटीत एक बाई अशा पेशंटना बोलायला शिकवत. मी बँकेत होते आणि शनिवारी बँक अर्धा दिवस असायची, म्हणून शनिवारची दुपार ठरली. पहिल्याच दिवशी बाईंनी वडिलांसमोर चित्रांची कार्डं मांडली. मांजर, चेंडू, कपबशी. "काका, हे काय आहे?" वडिलांनी शांतपणे एकेक कार्ड उलटं करून ठेवलं. सगळी कार्डं पालथी झाल्यावर ते खुर्चीला टेकून बसले. बाई रागावल्या नाहीत. मला मात्र शरमल्यासारखं झालं.

त्या खोलीत एक मोठं चित्र होतं. नदीचा काठ, दिवस बुडालेला, काळपट निळं पाणी. काठावरच्या खुंटीला बांधलेली रिकामी होडी आणि तिच्यात आडवं टाकलेलं वल्हं. माणूस कुठेच नाही. मला ते चित्र पहिल्यापासून आवडलं नाही. ती होडी कुणाला तरी न्यायला थांबली आहे असं वाटायचं, आणि कुणाला ते मनात आणायचीही भीती वाटायची. वडील तर तिच्याकडेच बघत बसत. एकदा मी त्यांची खुर्ची फिरवून चित्राकडे पाठ होईल अशी ठेवली. ते काठीवर भार देऊन उठले आणि दुसऱ्या खुर्चीत, चित्रासमोर, जाऊन बसले.

शेवटी मी बाईंना म्हणाले, "इथे येणारी माणसं आधीच खचलेली असतात. फुलांचं वगैरे काही लावता आलं तर?"

"सगळे नातेवाईक हेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "पेशंट कधी म्हणत नाहीत."

पण माझ्या बोलण्याने त्यांना काहीतरी सुचलं असावं. पुढच्या शनिवारी त्यांनी चित्र भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं. "काका, आज कार्डं नकोत. हे बघू या."

वडील बराच वेळ बघत राहिले. मग डाव्या हाताचं बोट होडीच्या दोरीवर टेकवलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. "ओ... ओली."

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला स्पष्ट शब्द. आनंद व्हायच्या आधी मी खाली वाकून दोरी पाहिली. खरंच ओली होती. पाण्याकडचा भाग गडद रंगवलेला होता आणि दोरीखालची वाळूही भिजल्यासारखी दिसत होती. होडीमागचं पाणी अजून हलत होतं. इतके शनिवार त्या चित्रासमोर बसून मला यातलं काही दिसलं नव्हतं.

"मग काय झालं काका?" बाईंनी विचारलं.

"आला."

"कोण?"

एवढंही कळत नाही का, अशा नजरेने त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "मा... माणूस."

"मग कुठे आहे तो?" हे मी विचारलं.

त्यांचं बोट वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथे पिवळा ठिपका होता. रंग सांडला असेल असं मी धरून चालले होते. नीट पाहिल्यावर त्याच्याभोवती भिंतीची पुसट रेघ दिसली. ती खिडकी होती, आत दिवा होता.

"जे... जेवायला," वडील म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. मला हसता येईना. मी बाहेर गेले आणि पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मध्ये उभी राहून रडले. मी दर शनिवारी त्यांना निरोप द्यायला निघाल्यासारखी इथे आणत होते आणि ते मात्र घरी पोचले होते. दोरी बांधून, वल्हं टाकून, जेवायला बसले होते.

त्यानंतर शब्द हळूहळू परतत गेले. सगळे नाही आले. वाक्यं तोकडीच राहिली, आणि मधेच एखादा शब्द हरवला की ते टेबलावर बोटं आपटत.

काही महिन्यांनी बाईंकडे त्यांचे एक नातेवाईक आलेले होते. ते चित्र त्यांनीच काढलेलं. वडील बाईंबरोबर आतल्या खोलीत होते, चित्रासमोर आम्ही दोघंच. मी अधीर होऊन त्या नातेवाइकांना चित्राबद्दल विचारलं.

"माझी आई गेली त्या वर्षीचं आहे ते," ते म्हणाले. "निघायची वेळ झाली आहे, होडी थांबली आहे. डोक्यात तेवढंच होतं."

"मग दोरी ओली का आहे?"

त्यांनी चष्मा लावला आणि जवळ जाऊन पाहिलं. "ओली आहे खरी," ते पुटपुटले. "मी कधी केली कोण जाणे."

परतताना रिक्षात मी वडिलांना ते सांगावं की नाही असा विचार करत होते. मग सांगितलंच. चित्रकाराच्या मते ती होडी निघायची आहे, आलेली नाही.

वडिलांनी रस्त्यावरची नजरही हलवली नाही. "त्याला काय कळतंय," ते म्हणाले. अख्खं वाक्य, एकदाही न अडखळता.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला चित्रकाराचंही खोटं वाटत नव्हतं. आईच्या दुःखात बुडालेल्या माणसाने ती खिडकी का रंगवली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हातातून उतरलेलं सगळंच मनाला ठाऊक असतं असं नाही. आणि बघणाऱ्याला त्या वेळी जे हवं असतं, त्याच्यावरच आधी नजर पडते.

मंडईपाशी वडिलांनी रिक्षा थांबवायला लावली. त्यांना सीताफळं घ्यायची होती. डाव्या हाताने दाबून बघत ते एकेक निवडू लागले आणि मी पिशवी उघडून शेजारी उभी राहिले.