म्हशीच्या पाटीतला मका

सासूबाई अंगणात मका निवडत होत्या. चांगला सुपात, हिरवट बुरशीचा पाटीत. पाटी भरली तशी म्हणाल्या, "म्हशीला घाल गं."

"आई, बुरशीचं विष दुधात उतरतं."

"लग्न झाल्यापासून घालतेय. एक तरी म्हैस मेली का?"

हेच दरवर्षी ऐकून मी थकलेय. जे लगेच मारत नाही, त्याला कुणी विष म्हणत नाही. लिव्हर खराब व्हायला वर्षं लागतात, तोवर मका कुणाला आठवतो?

आत माझी दीड वर्षाची नात दुधासाठी रडू लागली. सासूबाईंचा हात थांबला.

"उकिरड्यावर नको टाकू," त्या म्हणाल्या, "कोंबड्या टिपतील. पुरून टाक."

खड्डा खणताना मनात आलं, आजवरचं दूध तर आम्ही सगळे पिऊन बसलोय.