सायलेन्सर नाही तर पार्किंग नाही

बंगळूरच्या बोम्मसंद्र्यात आमचा कारखाना गाड्यांचे सायलेन्सर बनवतो, आणि आमच्या डब्याच्या टेबलावर तीन वर्षं एकच विषय चाललाय: इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? जिला सायलेन्सरच लागत नाही, तिची चौकशी आम्ही आमटी-भात खात करतो. मग किस्से साठणारच. म्हटलं लिहून काढावेत, नाहीतर पाटील त्यांचीही एक्सेल शीट करेल.

टेबलावर मराठी आम्ही तिघंच. निपाणीचा पाटील पर्चेसमध्ये. वेल्डिंगचे फोरमन वेंकोजीराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, आणि पुण्याला ते अजून ‘तुमच्याकडं’ म्हणतात. तिसरा मी, त्या पुण्याचा, क्वालिटीतला. माझ्या सहीशिवाय इथून एकही सायलेन्सर बाहेर जात नाही. तेवढाच माझा रुबाब.

*

पाटलाची शीट बघण्यासारखी आहे. पेट्रोल, वीज, विमा, टायर, बॅटरी, रिसेल, सगळ्याला वेगळा रकाना. दर सोमवारी आकडे बदलायचे आणि दर सोमवारी पाटील मान हलवायचा.

“परवडत नाही की ओ. पैसे वसूलच होईना झालेत.”

शेवटी मी विचारलं, “पाटील, रोजचे किलोमीटर किती धरलेस?”

“शून्य पॉइंट चार.”

पाटील कारखान्याच्या मागच्या गल्लीत राहतो. चालत येतो.

*

मी जरा धाडसी. मेव्हण्याची इलेक्ट्रिक स्कूटर आठवडाभर वापरून बघायला आणली. मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटसाठी मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, “आग लागली तर जबाबदार कोण?” हे गृहस्थ गॅलरीत दोन भरलेले सिलिंडर ठेवतात आणि त्यांच्या शेजारी बसून सिगरेट ओढतात.

मग मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरातून खाली वायर सोडली. बायकोने मिक्सर लावला की अख्ख्या घराची लाईट जायची. तिसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, “इडलीचं पीठ की तुझी स्कूटर, ते आजच ठरव.”

मी स्कूटर परत केली आणि इडल्या खाल्ल्या.

*

आमचं असं चाललेलं असताना अण्णांनी कुणाला न विचारता इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. अण्णा येलहंक्याला राहतात. शहराचं ते टोक, कारखाना या टोकाला. जुनी स्कूटर किकची, आणि गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

पाटलाने लगेच लॅपटॉप उघडला. “अण्णा, तुमची रिटायरमेंट दोन वर्षांवर. पैसे वसूल व्हायला चार. बटनस्टार्टची पेट्रोलची घ्यायची की.”

“रोज ऐंशी किलोमीटर रे. पेट्रोल घालू का गोळ्या घेऊ? आणि तुझ्या शीटमध्ये गुडघ्याचा रकाना कुठं आहे?”

पाटलाने तो खरंच घातला. अजून आहे.

आता रेंजची काळजी. परत जाताना घर जेमतेम गाठायचं, म्हणून अण्णांनी गाडीवरचं वजन कमी करायला घेतलं. आधी डिकीतली छत्री गेली, मग डब्यातला भात अर्धा झाला. दुपारी भूक लागली की माझ्या तीन पोळ्या खायचे आणि तेवढंच वजन घेऊन घरी जायचे. मी हिशेब समजावला, तर म्हणाले, “सरी, बरं, मग उद्या दोनच खातो.”

*

मोठे साहेब कोल्हापूरचे. उभा जन्म सायलेन्सरमध्ये गेलेला. एका सकाळी त्यांनी केबिनच्या खिडकीतून अण्णांची स्कूटर आवाज न करता आत येताना पाहिली. दुपारी गेटवर कागद लागला: ज्या वाहनाला सायलेन्सर नाही, त्याला आत पार्किंग नाही. कारण, सुरक्षा.

वॉचमन मंजप्पा कागदावर असेल तेवढंच मानतो. त्याच संध्याकाळी त्याने पॅकिंगच्या एका माणसाची सायकल अडवली. काठीने सायकलचं मागचं चाक दाखवून म्हणाला, “सायलेन्सर इल्ला, सार.”

अण्णांना स्कूटर हायवेवरच्या चहाच्या टपरीपाशी लावावी लागली. तिथून गेट चांगलं एक किलोमीटर. आठवड्यात गुडघा सुजला. आयुष्यात शॉपफ्लोअरवर न बसलेला माणूस स्टूल घेऊन बसायला लागला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं की असंच चालत राहिलात तर पुन्हा कापावं लागेल.

मला फार वाईट वाटलं. साहेबांचा रागही आला. पण केबिनमध्ये जाऊन बोललो का? नाही. पाटलाला म्हटलं, तू तरी बोल. तर म्हणाला, “मी शीटमध्ये टाकलंय.”

*

पुढच्या सोमवारी अण्णा स्कूटर घेऊन सरळ गेटवर आले. मागच्या चाकाशेजारी दोन क्लॅम्पांनी आवळलेला एक सायलेन्सर होता. मंजप्पा उकिडवा बसला. वाकून बघितलं, काठीने दोनदा वाजवून पाहिलं. मग उभा राहून त्याने सलाम ठोकला आणि बॅरिअर वर केला.

साहेब केबिनमधून खाली आले. पाटील आणि मी खिडकीशी. अण्णा सगळा भार एका पायावर घेऊन उभे होते, आणि मला वाटलं, या वयात त्यांची नोकरी जाते की काय.

साहेब स्कूटरपाशी बसले. चष्मा कपाळावर सरकवला. वेल्डिंगच्या रेघेवरून इकडून तिकडे बोट फिरवलं, एका जागी थांबवलं.

“अण्णा, कुणाचं काम?”

“आपल्याच लाइनचं, साहेब. रिजेक्टच्या ढिगातला पीस आहे.”

साहेब उठले, हात झटकले.

“रिजेक्ट माल लावून माझ्या गेटातून आत येता? उद्या चांगला पीस लावून या.”

मंगळवारी अण्णा चांगला पीस लावून आले. त्याच्यावर पासचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली माझी सही. मंजप्पाने पुन्हा सलाम ठोकला. अण्णांच्या मागे पॅकिंगचा तो सायकलवाला होता. तो खाली वाकून सायकलच्या मागच्या चाकापाशी सायलेन्सरचा क्लॅम्प आवळत होता.