इटलीच्या रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू

आयर्लंडातल्या नावन गावी आमच्या शेजाऱ्याकडे एक रिव्हॉल्व्हर आहे. दिसायला दीडशे वर्षांचं, वयानं माझ्या गाडीहून लहान. इटलीतल्या कारखान्यात बनलेलं. जुनं वाटावं म्हणून मुठीवरचे ओरखडेसुद्धा तिथेच पाडून मिळतात. दर शनिवारी हा निवृत्त गृहस्थ आणि त्याच्यासारखेच पाचसहा जण क्लबात जमतात, पुढून दारू ठासतात, धुराचे लोट काढतात आणि कागदाला भोकं पाडतात. मग घरी येऊन तासभर नळी घासत बसतात. आमच्याकडे एवढी निगा फक्त लोणच्याच्या बरणीची राखतात.

आणि या पोरखेळात मलाही घ्या, म्हणून मी वर्षभर त्याच्या मागे लागलो होतो! इथे माझी ओळख 'डॉक्टरीणबाईंचा नवरा' एवढीच. क्लबात शिरायला जुन्या सभासदाची सही लागते. फॉर्म मी कधीचाच भरून ठेवला होता.

गेल्या वर्षी दसरा नेमका शनिवारी आला. त्याच दिवशी त्यांची वार्षिक स्पर्धा. "परत आलो की सही करतो," असं सांगायला शेजारी रिव्हॉल्व्हरची पेटी घेऊन दारात उभा. आत पाटावर बायकोचा स्टेथोस्कोप, माझा लॅपटॉप आणि मिक्सर मांडलेले.

"शस्त्राशिवाय कसली शस्त्रपूजा?" म्हणत मी त्याला आत ओढला आणि पेटी उघडायला लावली.

"अरे, आत काहीतरी जाईल," बायको म्हणाली.

"जाऊ दे गं. खेळणं तर आहे!"

"देन व्हाय आर यू प्रेइंग टू इट, बाबा?" मुलीनं विचारलं.

मी उत्तरादाखल हळदकुंकू वाहिलं आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. शेजारी खूश. "ग्रँड," म्हणाला आणि चक्क वाकून नमस्कार करून गेला.

संध्याकाळी तो आला तो थेट माझ्यासमोर. स्पर्धेत पहिल्याच बाराला रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरेना. पंचानं सगळ्यांदेखत चिमट्यानं फटीतून कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा काढला.

"तुमच्या देवाला सांग," तो म्हणाला, "मी घरून जेवून निघालो होतो."

"आणि सही?"

"आधी तांदूळ सांभाळायला शीक."

रिकामटेकड्यांचा खेळ तो, मी आजही हेच म्हणतो. फॉर्म मात्र स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), चहाच्या डब्यामागे जपून ठेवलाय. यंदा दसऱ्याला रिव्हॉल्व्हरला फक्त झेंडूचं एक फूल वाहणार आहे. तेही पेटी बंद असताना.