क्षाराचा चष्मा

पहिल्याच भेटीत सुलभाताईंनी माझ्या तळहातावर हळद चोळली आणि वर साबणाचं पाणी ओतलं. हात लालभडक. मी दचकलो, तेवढ्यात त्यांनी लिंबू पिळलं आणि हात पुन्हा पिवळा झाला. "बघितलंत ना, भिया? आता काढा चित्र. न बघता काढलेलं मला चालत नाही."

इंदूरला, जिथे कुणालाही भाऊ मानून 'भिया' म्हणतात, बडा गणपतीजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या समोरच्याच दारी राहत. सांवेर रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, उभी हयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. आता मुलांसाठी गोष्टी लिहीत, त्यांची छोटी पुस्तकं छापून ओळखीच्या पोरांना वाटत. नायिका क्षारा, दहा वर्षांची, विज्ञानवेडी. तिच्या उजव्या तळव्यात आम्ल, डाव्यात आम्लारी, टाळी वाजवली की मीठ आणि पाणी! मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून चित्रं माझ्या गळ्यात पडली. क्षाराचे टपोरे डोळे मी असे काढले होते की मीच त्यांच्यावर खूश.

क्षाराची प्रत्येक करामत त्या आधी ओट्यावर करून बघत. एका पानासाठी तीन दिवस जास्वंदीचं पाणी उकळत बसल्या होत्या; चहाची गाळणी कायमची जांभळी झाली. "काहीही ठोकून द्यायला काय जातं हो? पण बच्चे भोळे असतात, बेवकूफ नसतात," म्हणायच्या. इंदूरच्या आमच्या पोरांना मराठी वाचताना दुसऱ्या ओळीलाच धाप लागते. म्हणून रविवारी त्या स्वतः वाचून दाखवत आणि पोरं आ वासून ऐकत. खरं सांगायचं तर मीही.

एका गोष्टीत क्षारा विस्तवाशिवाय पाणी उकळते, कळीचा चुना टाकून. ताईंनी तेही करून पाहिलं होतं, अर्थात कारखान्याच्या सवयीने चष्मा आणि हातमोजे घालून. ते लिहायचं मात्र राहिलं. सवय इतकी अंगात मुरलेली, की ती सांगायची गोष्ट आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळीआधी माझ्या मनूने, नऊ वर्षांच्या लेकीने, गॅलरीत बादलीभर पाण्यात चुना टाकला आणि वाकून पाहिलं.

किंकाळी ऐकून सुलभाताई धावत आल्या. बायकोने गुलाबजल आणलं, मी स्कूटरची किल्ली घेतली. "काही नको! नळ!" त्या गरजल्या. मनूचं डोकं बेसिनमध्ये धरून, पापणी दोन बोटांनी उघडून त्या डोळ्यात पाणी सोडत राहिल्या. मनू लाथा झाडत होती, मी ओरडत होतो, "ताई, दवाखाना!" त्यांनी मान वर केली नाही. "आधी वीस मिनिटं. एकही कमी नाही. ओरड बेटा, खूब ओरड, पण डोळा मिटू नको." साठी उलटलेल्या त्या बाईचे हात एकदाही हलले नाहीत. मी आयुष्यात इतकं धैर्य इतक्या जवळून पाहिलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "धो दिया, इसलिए आँख बच गई."

तरी दवाखान्याच्या बाकावर मी नको ते बोललो. "तुमच्या गोष्टीपायी पोर आंधळी झाली असती माझी!" त्या एवढंच म्हणाल्या, "हो."

पुढच्या रविवारी त्या सगळ्या मुलांसमोर उभ्या राहिल्या. "बच्चों, मी चुकले. क्षाराने चष्मा घातलाच होता, मीच लिहिलं नाही. मनू, माफ कर मला." मोठ्या माणसाने पोरांची अशी सरळ माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. मग घरोघरी जाऊन त्यांनी पुस्तकं परत आणली आणि मी काढलेल्या टपोऱ्या डोळ्यांवर, एकेका प्रतीत, काळ्या पेनाने चष्मा काढला. मला हात लावू दिला नाही.

त्या गेल्या, त्याला वर्ष झालं. मनू बारावीत आहे, दोन्ही डोळे शाबूत. सगळं ताईंमुळे, असं ती सांगत फिरते. एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितलेली नाही. चुन्याची ती पिशवी मागच्या भिंतीला लावायला मीच आणली होती आणि गॅलरीत उघडी टाकली होती. त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर सुलभाताईंनी माझ्यादेखत तिचं तोंड घट्ट बांधलं, ती उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि हात धुऊन आपल्या घरी गेल्या. शेवटपर्यंत कुणापाशी एका शब्दाने बोलल्या नाहीत. माझ्यापाशीसुद्धा.